ग्रंथालयाला चाकं लावायची का?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या ग्रंथालयासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली आहे. खोली 20 बाय 25 फुटांची, खाली शहाबादी फरशी, एका भिंतीत कडप्प्याचे कप्पे आणि चार लोखंडी कपाटं, कुलूपबंद. सुतार म्हणतो, चारही भिंतींना छतापर्यंत प्लायवूडची कपाटं ठोकून टाकू. पुण्याला गेलेली आमची मुलं म्हणतात, आता सगळं ‘फ्लेक्झिबल’ असतं, चाकांचं फर्निचर घ्या. खेड्यातल्या शाळेला हे चाकांचं खूळ झेपेल का?
– एक शिक्षिका, ढोकी (जि. धाराशिव)

उत्तर : झेपेल. पण आधी सुताराला थांबवा, पुणेकरांनाही थांबवा आणि ती चार कपाटं उघडा.

शाळेतली पुस्तकं कुलपात का राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुस्तक नोंदवहीत चढलं की ते शाळेची मालमत्ता होतं आणि बदलीच्या वेळी चार्ज देताना चार पुस्तकं कमी भरली तर उत्तर शिक्षकाला द्यावं लागतं. मग शहाणा शिक्षक किल्ली कनवटीला लावतो. यात आळस नाही, भीती आहे, आणि ती कोणत्याही फर्निचरने जात नाही. म्हणून पहिलं काम शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत करा. मुलांच्या हाताळणीत दरवर्षी काही पुस्तकं फाटतील, हरवतील, हे समितीने इतिवृत्तात लिहून मान्य करावं. त्याच बैठकीत निर्लेखनाचा विषय घ्या. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, मुदत संपलेल्या योजनांच्या पुस्तिका, कसरीने चाळण केलेले खंड हे सगळं रीतसर यादी करून बाहेर काढा. बहुतेक शाळांत एवढं झालं की निम्मं कपाट मोकळं होतं. सुताराचं मोजमाप त्यानंतर घ्यायचं, कारण आज तो रद्दी ठेवायला कपाटं करून देणार आहे.

आता चाकं. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र, ग्रंथ वापरण्यासाठी आहेत. पाचवं, ग्रंथालय ही वाढती, जिवंत संस्था आहे. आजच्या ‘फ्लेक्झिबल’चं सार या पाचव्या सूत्रात येऊन गेलं आहे. चारही भिंती छतापर्यंत भरून टाकल्या तर पहिल्याच दिवशी खोलीची वाढ संपते. शिवाय वरच्या तीन फळ्यांपर्यंत चौथीतल्या मुलाचा हात जाणार नाही आणि तिथे पुन्हा तेच घडेल, जे कुलपामागे घडत होतं.

अशा वाढत्या ग्रंथालयाचं आपल्याकडचं मोठं उदाहरण बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं केलं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी आहेत, वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपावा म्हणून. बघायला जाणारा त्या काचेवरच थबकतो. मला मात्र बडोद्याची खरी करामत वाटते ती लाकडी पेट्यांची. पुस्तकांनी भरलेल्या या पेट्या शहरातून गावोगावी जात, तिथल्या लोकांचं वाचून झालं की परत येत आणि नवी पुस्तकं घेऊन पुन्हा निघत. लवचिकपणा म्हणतात तो या पेट्यांत होता, आणि तो काचेपेक्षा पुष्कळ स्वस्त होता. तुमच्या गावाला तो अधिक लागू पडतो. गळीत हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं कुठल्या तरी शाळेत, नाहीतर नुसत्याच टोळीच्या कोप्यांवर असतात. त्यांच्यासाठी कडीकोयंड्याच्या दोन पेट्या सुताराकडून करून घ्या. नोंदवहीत प्रत्येक पेटी हे एक खातं धरा, म्हणजे एकेका पुस्तकाचा हिशेब डोक्याला राहणार नाही.

खोलीत चाकं लावायची ती फक्त बुटक्या मांडण्यांना. साडेतीन फूट उंच, तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंनी तीन-तीन फळ्या. अशा एका मांडणीत बालवाचनाची पातळ पुस्तकं दोनशेच्या आसपास सहज मावतात, म्हणजे पाच मांडण्यांत हजारभर. त्या भिंतीकडे ढकलल्या की मधे सतरंजी टाकून अख्खा वर्ग बसतो, ओढून आणल्या की दोन-तीन कोपरे तयार होतात. एकात गोष्ट सांगणं चालू, दुसऱ्यात पाढे. चाक घेताना कंजुषी करू नका. शहाबादीच्या सांध्यांत बारीक प्लॅस्टिकचं चाक अडकतं आणि मांडणी पुढे कलंडते. तीन इंची रबरी चाकं घ्या, निदान दोन चाकांना तरी ब्रेक हवा. फळी तीन फुटांपेक्षा लांब केली तर पुस्तकांच्या वजनाने दोन वर्षांत मधे पोट काढते. 18 मिलिमीटरचं प्लाय आणि खाली पट्टी, हे सुताराकडून कबूल करून घ्या. चाकं असली तरी सर्वांत खालची फळी जमिनीपासून वीतभर वर असू द्या, ओल आणि वाळवी दोन्हींसाठी.

उंच कपाटाला चाक कधीच नको. उलट जी लोखंडी कपाटं ठेवाल ती पट्टी आणि बोल्टने भिंतीला जखडा. धाराशिव-लातूरच्या माणसाला याचं कारण समजावावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांच्या घरात आजही बोलली जाते, त्यांच्या मुलांच्या डोक्यावर सहा फुटी कपाट सुटं उभं राहता कामा नये. वजनदार शब्दकोश आणि विश्वकोशाचे खंड खालच्या कप्प्यात. कडप्प्याचे कप्पे फोडू नका, ते वाळवीला दाद देत नाहीत. त्यांत स्थानिक कोपरा करा. तुमच्या शेजारी तेर आहे, म्हणजे रोमशी व्यापार करणारं जुनं तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयाची सहल झाली की मुलांनी लिहिलेली टिपणं, काढलेली चित्रं या कप्प्यांत राहू द्या. तेरच्याच संत गोरोबांवरची पुस्तकंही तिथेच शोभतील.

विजेचं काम भिंत खोदून करू नका. केसिंग-कॅपिंग पट्टीतून वायर फिरवा आणि तीन भिंतींवर प्लग द्या. उद्या प्रोजेक्टरचा पडदा दुसरीकडे न्यायचा झाला तर गवंडी बोलवावा लागणार नाही. पश्चिमेची खिडकी असेल तर तिच्यासमोर पुस्तकं ठेवू नका. मराठवाड्याचं उन्हाळी ऊन मुखपृष्ठाचा रंग दोन हंगामांत खातं. संगणकांसाठी मोठी तरतूद करण्याचा आग्रह पुण्याहून होईलच. एक संगणक आणि एक प्रिंटर पुरे. ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत. लागेल ते छापा, पंच करा, दोरीवर टांगा. दोरीवर लटकलेलं पुस्तक पूर्ण चेहरा दाखवतं, आणि नुकतं वाचू लागलेलं मूल पुस्तक निवडतं ते चेहऱ्यावरून, कण्यावरच्या अक्षरांवरून नव्हे.

पैशांचं म्हणाल तर वर्गणी मांडण्यांवर, वायरिंगवर आणि रंगावर खर्च करा. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे, ते पुस्तकांसाठी राखा. वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय प्रत्येक शाळेत असावं, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच म्हटलं आहे. मुख्याध्यापकांपुढे हा मुद्दा ठेवायला संकोचू नका.

आणि सुताराला पाचही मांडण्यांची ऑर्डर एकदम देऊ नका. दोन करून घ्या, एक सत्र वापरा. मुलं त्या कुठे ओढून नेतात, कुठली फळी रिकामी राहते, चाक कुठे अडतं, ते पाहून उरलेल्या तिन्हींचं माप ठरवा.