मधुमेह व आहार

सणाचा दिवस असतो, घरांत पुरणपोळीचा घमघमाट सुटलेला असतो, पंगत बसते. आणि घरांतील एका वडील माणसाच्या ताटांत पोळी न वाढतां गृहिणी पुढें जाते. हें दृश्य आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें या देशांत मधुमेही प्रौढांची संख्या १० कोटींच्या वर आहे. यास्तव प्रौढ वयांत जडणाऱ्या मधुमेहांत आहाराचें महत्त्व किती, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा रोग नवा नव्हे. सुश्रुतानें प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतः येणारा व दुसरा अपथ्यामुळें होणारा. पहिला रोगी कृश, तर दुसरा बहुधा स्थूल असतो, असेंही त्यानें नमूद केलें आहे. रोग्याच्या लघवींत साखर असते हें इंग्लंडांत मॅथ्यू डॉब्सन यानें १७७६ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें. पुढें १८७०-७१ सालीं पॅरिस शहरास शत्रूचा वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हां तेथील बूशार्दा नामक वैद्यास असें आढळलें कीं, उपासमारीच्या त्या दिवसांत त्याच्या कित्येक रोग्यांच्या लघवींतील साखर नाहींशी झाली. जें औषधानें साधलें नव्हतें तें अर्धपोटी राहण्यानें साधलें!

असें कां व्हावें? आपण खाल्लेल्या भात-भाकरींतील पिष्टाची पचनानंतर साखर होते व ती रक्तांत मिसळते. स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्शुलिन हें द्रव्य त्या साखरेस स्नायूंत व इतर पेशींत प्रवेश मिळवून देतें. बालपणीं होणाऱ्या मधुमेहांत बहुधा हें द्रव्य निर्माण होणेंच बंद पडतें. तेथें इन्शुलिन टोंचून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रौढ वयाच्या मधुमेहांत मात्र इन्शुलिन असतें, पण शरीर त्यास दाद देत नाहीं. यकृतांत व स्वादुपिंडांत सांचलेली चरबी हें याचें एक मोठें कारण होय. ही चरबी घटली म्हणजे पुष्कळदां साखरही ताब्यांत येते.

याचें उत्तम प्रमाण ब्रिटनमधील एका प्रयोगानें मिळालें. स्कॉटलंड व टाइनसाइड या भागांतील, रोग जडून सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या व इन्शुलिन न घेणाऱ्या रोग्यांस तीन ते पांच महिने दररोज सुमारें ८५० उष्मांकांचाच आहार वैद्यकीय देखरेखीखालीं देण्यात आला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें वर्षअखेर त्यांपैकीं शेंकडा ४६ लोकांची साखर औषधावांचून मधुमेहाच्या मर्यादेखालीं आली होती. आणि ज्यांचें वजन १५ किलो वा अधिक उतरलें होतें त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ८६ होतें. परंतु दोन वर्षांनीं ४६ चे ३६ झाले, हेंही विसरतां कामा नये. रोग मागें हटतो, पण सवयी परतल्या कीं तोही परततो.

येथें कोणी म्हणेल, "आमचे वडील तर सडपातळ आहेत, त्यांना याचा काय उपयोग?" या शंकेचें उत्तर पुण्यास मिळतें. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२! तात्पर्य, आपल्या लोकांत अंग बारीक दिसलें तरी पोटाच्या आंत चरबी असूं शकते. म्हणून केवळ तराजूवर भरंवसा न ठेवतां कमरेचा घेरही मापावा.

आतां प्रत्यक्ष ताटाकडे वळूं. अर्धें ताट पालेभाजी, दुधी, दोडका, पडवळ, काकडी यांनीं भरावें. एक चतुर्थांश वरण, उसळ, अंडें वा मासळी यांसाठीं असावें. आणि उरलेल्या चतुर्थांशांतच भात किंवा भाकरी बसवावी. आधीं भाजी-उसळ व मागाहून भाकरी खाल्ल्यास साखर सावकाश चढते. भाकरीविषयीं एक गैरसमज रूढ आहे. ज्वारींत तंतुमय भाग पांढऱ्या तांदळाहून अधिक असतो हें खरें, परंतु तींतही पिष्ट आहेच. भात सोडून चार भाकरी खाणें म्हणजे पथ्य नव्हे. गूळ आणि मध हींही साखरेचींच रूपें. साबूदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. तेव्हां मधुमेही मनुष्याचा उपवास पुष्कळदां त्याच्या नेहमींच्या जेवणाहून वाईट ठरतो. दिवसाकांठीं पांच-सहा कप गोड चहा घेणाऱ्यानें जेवणांतला भात सोडून काय साधलें, याचा हिशेब आधीं करावा. फळ खावें तर अख्खें व बेताचें; रस काढून पिऊं नये. जेवणानंतर थोडें चालावें, कारण चालणारे स्नायू रक्तांतील साखर खर्ची घालतात.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. जो इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतो त्यानें डॉक्टरांस न विचारतां आहार एकाएकीं घटवूं नये. साखर अतिशय उतरून घाम, थरकांप व भ्रम होतो, आणि क्वचित् प्राणावर बेततें. अशा वेळीं रोगी शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखरेचें पाणी द्यावें. तसेंच कारल्याचा रस सुरू केला म्हणून औषध बंद करणें हा शुद्ध अविचार होय. डोळे, मूत्रपिंडें व पाय यांस या रोगानें जी इजा होते ती निमूटपणें होते. दुखूं लागेपर्यंत वाट पाहणाऱ्यास ती फार उशिरा कळते.

विद्यार्थी मित्रहो, हा लेख वडील माणसांचा आहे असें समजून पान उलटूं नका. पथ्य मोडतें तें बहुधा जिभेच्या लोभानें नव्हे, तर एकटेपणानें मोडतें. सगळें घर एक जेवतें आणि आजोबा दुसरें जेवतात, तेथें आजोबा फडताळांतील डबा चोरून उघडणारच. परंतु वर सांगितलेलें ताट तुम्हां-आम्हांसही तितकेंच हितकर आहे. तेव्हां दिवाळी असो वा नाताळ, त्यांच्या शेजारीं बसून तेंच अन्न आनंदानें खा, आणि हात धुतल्यावर त्यांस घेऊन फिरावयास जा. पंगतींत एकाच ताटाला वगळून गृहिणीस पुढें जावें लागूं नये, एवढें तर आपल्या हातीं आहे.