कड्यावर कान मोकळे

सुळक्यावर जायच्या आदल्या रात्री सॅक भरताना आपण एकेक वस्तू हातात घेऊन तपासतो. दोर बोटांमधून सरकवत कुठे मऊ पडलाय का ते पाहतो, हार्नेसची शिलाई चाचपतो, कॅरॅबिनरचं दार नीट मिटतंय ना याची खात्री करतो. कानांची तपासणी कोणी करत नाही, कारण ते बरोबर येणारच असतात. पण अलीकडे ते येतात इअरफोनने बुजवलेले. सरावाच्या कातळावर हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. चढणाऱ्याचं सोडाच, खाली दोर सांभाळत बिले देणाराही कधीकधी गाण्यात रमलेला असतो. मला संगीत प्रिय आहे आणि कातळही प्रिय आहे. तरीही या दोन्हींची सांगड घालू नये, असं माझं ठाम मत आहे. दोरावर एकही माणूस असेपर्यंत कोणाच्याही कानात गाणं नको. कारण तिथे माझे कान एकटीचे नसतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याचाही त्यांच्यावर तेवढाच हक्क असतो. ‘माझे कान, माझं गाणं, तुम्हाला काय त्रास?’ हा प्रश्न रस्त्यावर, बसमध्ये ठीक आहे. कातळावर तो लागू पडत नाही.

आधी आपला कातळ काय आहे ते पाहू. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. त्यातला काळा बेसॉल्ट टणक असतो, पण दोन थरांच्या मध्ये लाल मातीचे मऊ पट्टे असतात, भेगांत मुरूम भरलेला असतो, आणि दर पावसाळ्यात पाणी त्या भेगा आणखी खिळखिळ्या करून जातं. म्हणून आपल्याकडच्या चढाईत ‘हा होल्ड हलतोय’ हे वाक्य प्रत्येक टप्प्यावर ऐकू येतं. दगड सुटायला मोठं कारण लागत नाही. लीड करणाऱ्याचा पाय पुरतो, कपारीवर घासणारा दोर पुरतो, वरच्या गवतातून गेलेली वानरांची टोळी पुरते, माथ्यावर रॅपलिंगला जमलेला दुसरा गट तर हमखास पुरतो. आता हिशेब करा. ४५ मीटरवरून सरळ सुटलेला दगड तीन सेकंदांत खाली येतो आणि पोहोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेलेला असतो. वरच्याने ‘दगड!’ म्हणून दिलेली आरोळी मात्र तेवढंच अंतर एका सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात कापते. म्हणजे दोन-अडीच सेकंद हातात असतात. तेवढ्यात मान वर न करता कातळाला चिकटायचं, खांदे आखडून हेल्मेटखाली यायचं, आणि बिले देत असाल तर हे सगळं ब्रेकचा हात न सोडता करायचं. सवय असली की दोन सेकंद यासाठी पुरतात. पण ते मिळतात फक्त ज्याला आरोळी ऐकू आली त्यालाच. गाणं ऐकणाऱ्याला बातमी थेट दगडच देतो.

आरोळी निदान मोठी आणि एकशब्दी असते. खरा घोळ होतो तो रोजच्या साध्या इशाऱ्यांमध्ये. उघड्यावर, वाऱ्यात, लांबून मारलेल्या हाकेतला स्वर दूरवर पोहोचतो आणि व्यंजन वाटेत गळतं. आता आपले मराठी इशारे या कसोटीवर घासून पाहा. ‘रोप घे’ आणि ‘रोप दे’ यांचा अर्थ एकमेकांच्या बरोबर उलट, पण वाऱ्याने व्यंजन पुसलं की दोन्हींतून उरतो एक लांब ‘ए’. ‘सोड’ आणि ‘ओढ’ यांची गत तर आणखी वाईट, कारण त्यांचे शेवटही जवळपास सारखेच. ‘ऑन बिले’ आणि ‘ऑफ बिले’ यांतला फरक एका व्यंजनापुरता. म्हणूनच जाणते चढणारे ‘स्लॅक’ आणि ‘टाइट’ असे कानाला अगदी वेगळे लागणारे शब्द ठरवून घेतात आणि प्रत्येक इशाऱ्यापुढे नाव लावतात, म्हणजे शेजारच्या दोरावरचा इशारा आपला समजला जात नाही. एवढी काळजी घेऊनही गफलती होतात. टप्प्याच्या टोकाला अँकरवर पोहोचलेला माणूस ‘सेफ’ म्हणतो. खालच्याला वाटतं, हा आता स्वतःच रॅपल करून येणार, आणि तो बिले काढतो. वरच्याच्या मनात मात्र असतं की खालचा आपल्याला दोरावर उतरवून घेणार. तो मागे रेलतो आणि दोर कोणाच्याच हातात नसतो. अमेरिकन अल्पाइन क्लब १९४८ पासून दरवर्षी अपघातांचा आढावा छापतो. या जातीच्या चुका त्यात जगभर नाव असलेल्या कड्यांवर, अनुभवी जोड्यांकडूनही झालेल्या दिसतात. त्यांच्या कानात गाणी होती असं माझं म्हणणं नाही. मोकळ्या कानांनीही जे संभाषण इतकं नाजूक असतं, त्यात आपण होऊन आणखी एक आवाज कशासाठी घालायचा, एवढंच मी विचारते आहे. गाण्यामुळे हाकेतले शब्द अजिबात कळले नाहीत तर एक वेळ परवडलं, कारण मग माणूस ‘काय?’ असं तरी विचारतो. अर्धवट ऐकू येणं जास्त घातक. मन राहिलेला अर्धा भाग स्वतःच्या अपेक्षेने भरून टाकतं आणि आपण नीट ऐकलं अशी त्याची खात्री पटते.

लक्ष क्षणभर विचलित झालं तर काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण लिन हिल यांचं आहे. त्या काळच्या सर्वोत्तम प्रस्तरारोहकांत त्यांची गणना होत असे. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यू इथे सरावाच्या एका सोप्या मार्गावर जाण्यापूर्वी त्या दोर हार्नेसला बांधत होत्या. मध्येच बूट घालायचं निमित्त झालं आणि गाठ अर्धवट राहिली. वर पोहोचून त्या मागे रेलल्या, तेव्हा दोर निसटला. वीस मीटरहून अधिक उंचीवरून त्या पडल्या आणि वाटेतल्या झाडामुळे वाचल्या. चारच वर्षांनी त्यांनी एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग पहिल्यांदा मुक्त पद्धतीने चढून दाखवला, यावरून त्यांच्या दर्जाची कल्पना यावी. यातही संगीत नव्हतं. पण गाठ मारण्यासारखं हाताच्या सवयीचं काम मध्येच तुटलं तर ते पूर्ण झाल्याचा भास किती सहज होतो, हे त्यातून कळतं. गाणं असं काम वारंवार तोडतं. एक गाणं संपून दुसरं सुरू होतं, नको असलेलं लागतं, फोनची रिंग मध्येच वाजते, हात खिशाकडे जातो.

आता आक्षेपांकडे येते. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा की संगीताने भीती कमी होते, अंगात हुरूप येतो. यात तथ्य आहे. खेळ आणि संगीत यांच्या संबंधावर लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेऑर्गिस यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. ताल जुळला तर धावताना, सायकल चालवताना श्रम कमी जाणवतात, हे त्यातून पुढे आलं. हाइले गेब्रसेलासी यांनी १९९८ मध्ये २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला तो ‘स्कॅटमॅन’ या गाण्याच्या ठेक्यावर, हे उदाहरण तर नेहमी दिलं जातं. पण धावणं म्हणजे एकच हालचाल हजारो वेळा. चढाईत तसा कोणताच ठेका नसतो. एका पावलाला दहा सेकंद लागतात, पुढची तीन पावलं दोन सेकंदांत उरकावी लागतात, मग कोपर सरळ ठेवून लटकत पाच मिनिटं वरची खाच न्याहाळायची असते. ही लय कातळ ठरवतो. जिथे थांबायला हवं नेमकं तिथेच गाणं रंगात आलं, तर पाऊल पुढे टाकायचा मोह होतो. आणखी एक गोष्ट. संगीताने श्रम कमी जाणवतात ते हलक्या आणि मध्यम मेहनतीत. मेहनत टोकाला गेली की शरीराची हाक गाण्यावर मात करते, असंही हेच संशोधन सांगतं. म्हणजे सोप्या टप्प्यावर ते हात भरत चालल्याची सूचना बोथट करणार आणि अवघड टप्प्यावर, जिथे आधाराची खरी गरज, तिथे काही देणार नाही. धावणाऱ्याला थकवा विसरणं फायद्याचं असतं. पंजात किती जोर उरलाय हे चढणाऱ्याने विसरून कसं चालेल?

दुसरा आक्षेप म्हणजे ‘मी एकाच कानात घालते’, ‘आवाज अगदी बारीक ठेवतो’, ‘माझे हाडातून ऐकू येणारे आहेत, कान उघडेच असतात’. एका कानाने आवाज कळतो, पण दिशा कळत नाही. दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरूनच मेंदू दिशा ओळखतो, आणि दगड डावीकडून येतोय की उजवीकडून, हे कळण्यावरच कुठे सरकायचं ते ठरतं. बारीक आवाजाचं आणि उघड्या कानांचं उत्तर मात्र कानात नाही, मेंदूत आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये मॅकडॉनल्ड आणि लाव्ही यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना डोळ्यांनी करायचं बारकाईचं काम दिलं आणि मध्येच एक सूर ऐकवला. काम अवघड होतं तेव्हा बहुतेकांना तो सूर आल्याचं कळलंच नाही. कान शाबूत होते, सूरही स्पष्ट होता, लक्ष मात्र डोळ्यांनी सगळं खर्च केलं होतं. आता बोटभर रुंद खाचेवर पाय ठेवायची जागा शोधणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो गाण्याशिवायच अर्धा बहिरा झालेला असतो. उरलेल्या अर्ध्यावर त्याचा जोडीदार विसंबून असतो. त्यातही वाटा मागणारं गाणं किती मंद आहे, याने फारसा फरक पडत नाही.

तिसरा आक्षेप थोरामोठ्यांच्या दाखल्याचा. २०१७ च्या जूनमध्ये दोराशिवाय एल कॅपिटन चढून गेलेला अ‍ॅलेक्स हॉनल्ड सोलो करताना कधीकधी संगीत ऐकतो. ऐकत असेल. त्याच्या खाली दोर धरून कोणी उभं नसतं, कोणाचा इशारा त्याला घ्यायचा नसतो, आणि मार्ग कित्येकदा चढून पाठ केलेला असतो. त्याचा धोका त्याचा एकट्याचा. स्पर्धांमध्ये दणदणीत संगीत चालतं हेही खरं, पण तिथल्या भिंतीवरून दगड सुटत नाहीत, होल्ड घट्ट बसवलेले असतात आणि दोर नेमलेल्या माणसांच्या हाती असतो. जमिनीलगत गादीवर बोल्डरिंग करणाऱ्याने गाणं ऐकलं तर माझी हरकत नाही, मागून पडणाऱ्याची हाक ऐकू आली म्हणजे झालं. माझा आग्रह दोराचा आहे आणि नैसर्गिक कातळाचा आहे.

आणि तो कातळ मुका नसतो, हे सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. बोटांच्या पेरांनी ठोकल्यावर घट्ट खडक भरीव वाजतो, सुटा झालेला पोकळ वाजतो. भेगेत पिटॉन ठोकताना तो नीट बसत असेल तर प्रत्येक घावासरशी त्याचा सूर चढत जातो. आवाज बद्द राहिला तर त्यावर भार टाकू नये, हे सह्याद्रीतले सुळके सर करणाऱ्यांच्या पिढ्यांना हातोडीनेच शिकवलं आहे. कॅरॅबिनर मिटल्याचा खटका, कपारीवर दोर घासल्याची खरखर, सुटण्याआधी खड्यांची होणारी बारीक सळसळ, आग्यामोहोळाची अचानक वाढलेली गुणगुण, या सगळ्या सूचनाच आहेत. मधमाश्या उठल्या की आपल्या कड्यांवर भलेभले हतबल होतात, आणि त्यांची चाहूल बहुधा आधी कानाला लागते. आणखी एक आवाज स्वतःचा असतो, श्वासाचा. घाबरलेला माणूस नकळत श्वास रोखतो. तो थांबलाय हे ऐकू आलं, तरच आपण मुद्दाम एक दीर्घ उच्छ्वास सोडून सावरू शकतो. संगीताने जी शांतता मिळवायची, ती इथे विनासायास मिळते.

म्हणून जे आता शिकू लागले आहेत त्यांना सांगते. मन स्थिर करायला गाणं लागत असेल तर पायथ्याशी ऐका, डोळे मिटून ऐका, मग फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाका. त्यानंतर हार्नेसचं बक्कल, गाठ, बिलेचं साधन, कॅरॅबिनरचा स्क्रू हे एकमेकांचं तपासा आणि प्रत्येकाचं नाव मोठ्याने उच्चारा. इशाऱ्यांचे शब्द चढण्याआधी ठरवा आणि अँकरवर पोहोचल्यावर कोण कसं उतरणार, हे जमिनीवर असतानाच बोलून घ्या. हाक पोहोचणार नाही एवढा लांब टप्पा असेल तर वॉकीटॉकी न्या. दोराला हिसके देऊन खुणा करण्यावर विसंबू नका, घर्षणात त्या हरवतात. कड्याखाली स्पीकर लावून बसलेला गट दिसला तर जाऊन नीट विनंती करा. त्यांचं गाणं तुमच्या दोरावरच्या माणसाचे इशारे गिळत असतं. आणि बिले देणाऱ्याने इअरफोन काढायला नकार दिला, तर तो कितीही जवळचा मित्र असो, त्याच्या दोराला स्वतःला बांधू नका. शेवटचा माणूस खाली उतरून दोर गुंडाळून होईपर्यंत गाण्यांनी थोडं थांबावं.