कर्णाचं बोट धरून

प्रश्न : ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘छावा’ यांची पारायणं झाली. आता वेगळं काही वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : ‘मृत्युंजय’मधला कर्ण आवडलाय ना? मग त्याचंच बोट धरा. ‘मृत्युंजय’ १९६७चं, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही त्याच वर्षीचं. मात्र हे वैचारिक लेखन. इथे इरावतीबाई कर्णाची बाजू घेत नाहीत, त्याच्या चुकाही रोखठोक मांडतात. तुम्हाला राग येईल. तरी पुढे वाचा. मग दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’. त्यांची भाषा भावली की ‘ऋतुचक्र’ घ्या, म्हणजे महाभारतातून थेट निसर्गात पोहोचाल. महाभारतावरची कादंबरीच हवी तर कन्नड लेखक भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या अनुवादात. ग्रंथालयात पुस्तक चाळून मगच घरी न्या. नाही रुचलं तर बिनदिक्कत परत करा.