पत्ता तुमचा, नुकसान आमचं

जुन्या पत्त्यांचं काय, असं विचारलं की संकेतस्थळ नवं करून देणाऱ्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: नवी साइट देखणी आहे, मोबाइलवर झटकन उघडते, जुनी पानं आतच कुठेतरी आहेत, शोधली की सापडतील. शिर्डीची माहिती जमवून ती दुव्यांनी जोडणाऱ्या आम्हा लोकांनाही तेच ऐकवलं गेलं, आणि जोडलेले दुवे एकगठ्ठा मेले. आपण कुणाचं काही मोडलंय हे ऐकवणाऱ्याच्या गावीही नव्हतं. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. २००६ मध्ये ते आणखी पुढे गेले: प्रत्येक गोष्टीला वेबचा पत्ता हेच नाव द्या, तो उघडला की उपयोगी माहिती मिळू द्या आणि तिथून इतर पत्त्यांकडे दुवे ठेवा. म्हणजे पत्ता ही माहितीची ओळख आहे. ती बदलणाऱ्याचं काही जात नाही. तिच्यावर विसंबलेल्यांचं काम वाया जातं.

नावाने ओळख पटत नाही का, असं कुणी विचारेल. नाही पटत. नुसतं ‘साईबाबा’ लिहिलं तर संगणकाने १९१८ मध्ये समाधिस्थ झालेले शिर्डीचे बाबा समजायचे की १९२६ मध्ये जन्मलेले पुट्टपर्थीचे? माणूस संदर्भाने ओळखतो. तक्त्याला वेगळी खूण लागते. शिर्डीच्या जिल्ह्याचंच घ्या. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण शिर्डीचा ४२३१०९ हा पिनकोड तसाच राहिला, कारण त्यात जिल्ह्याचं नावच नाही. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याला ५२२ हा क्रमांक होता. त्यावेळची आकडेवारी आजच्या नावाशी जोडायची तर तोच क्रमांक कामी येतो. उलट उदाहरण रेल्वेचं. औरंगाबाद स्थानकाचा ‘एडब्ल्यूबी’ हा संकेत नावातल्या अक्षरांवरून आलेला, म्हणून २०२५ मध्ये नाव बदलताच तोही गेला आणि ‘सीपीएसएन’ आला. साईनगर शिर्डीचा ‘एसएनएसआय’ही नावावरूनच आहे, उद्या स्थानकाचं नाव बदललं तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. नाव बदलायला कुणाची ना नाही. बदलणारी गोष्ट पत्त्यात कोंबायला आहे.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: पत्ता हवाय कुणाला, सगळे गूगलवर शोधतात. शिर्डीत तरी हे बोलू नये. भक्तनिवासाची खोली शोधणाऱ्याला सगळ्यात वर दिसतं ते अनेकदा पैसे मोजून लावलेलं असतं, आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर आगाऊ पैसे भरून भाविक फसले आहेत. शोधयंत्र सारखं दिसणारं काढून देतं. ते कुणाचं आहे याची हमी देत नाही. ती पत्त्यातच वाचावी लागते, आणि वाचायची रीत उलटी आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली एकटी तिरपी रेघ गाठा आणि तिथून डावीकडे या. ‘ऑनलाइन डॉट साई डॉट ओआरजी डॉट इन’ हे साईबाबा संस्थानचंच, कारण शेवट ‘साई डॉट ओआरजी डॉट इन’ असा आहे. पण ‘साई डॉट ओआरजी डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ हे त्या अमुकचं, मग वर बाबांचा फोटो कितीही मोठा असो. कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की मधला माणूस तुमचा मजकूर वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असं ते म्हणत नाही. क्यूआर कोडही पत्ताच, फक्त डोळ्यांना न वाचता येणारा. उघडण्याआधी फोन तो दाखवतो, तेव्हा वाचा.

कधीकधी बदल अटळ असतो, हे मान्य. विभाग विलीन होतात, यंत्रणा जुनी होते. पण त्यासाठी सोय आहे: जुन्या पत्त्यावर ‘३०१’ हे उत्तर ठेवायचं, म्हणजे ‘कायमचा इकडे हलवला’, आणि वाचक आपोआप नव्या जागी पोचतो. पोस्टमन जुन्या घरची पत्रं नव्या घरी देतो तसंच. एवढं केलं नाही की ‘४०४’ येतं, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. आणि बदलायचंच तर टिकेल अशा पत्त्याकडे वळावं. मराठी विश्वकोशाच्या नोंदींचे पूर्वीचे पत्ते खंडक्रमांक आणि आतल्या प्रणालीच्या खुणा मिरवणारे होते. आताचे एका साध्या क्रमांकावर आहेत. क्रमांक दिसायला रुक्ष, पण टिकायला बरा. देवनागरी पत्त्यांच्या हौसेलाही एक अडचण आहे. ‘शिर्डी’ हा शब्द दुव्यातून पाठवताना टक्केचिन्हांच्या चोपन्न अक्षरांची माळ होते, कारण त्यातल्या सहा घटकांना प्रत्येकी नऊ अक्षरं लागतात. छापील पत्रिकेवरून ती कोण टंकणार? मराठी पत्ते नकोत असं नाही. छापण्यासाठी जोडीला एक आखूड पत्ता ठेवावा, इतकंच.

तेव्हा देवस्थान असो, ग्रामपंचायत असो की शाळा, साइटचं काम देताना करारात लिहून घ्या: चालू पत्त्यांची पूर्ण यादी, आणि प्रत्येकापुढे तो कुठे वळणार ते. पत्त्याचं नाव कंत्राटदाराच्या नव्हे, संस्थेच्या नावावर नोंदवा आणि नूतनीकरणाची तारीख दोघांकडे ठेवा. सोडून दिलेलं नाव कुणीही विकत घेऊ शकतो, आणि तुमच्या जुन्या पुस्तिकांवर मात्र तेच छापलेलं असतं. पत्त्यात पदाधिकाऱ्याचं, विभागाचं, प्रणालीचं नाव घालू नका. दुसऱ्याच्या पानाला दुवा देत असाल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या दिवशीची प्रत जतन करून तोही पत्ता शेजारी लिहा. मूळ मालक ऐकेल याची खात्री आम्ही सोडली आहे. आणि वळवण्याचं काम ‘पुढच्या टप्प्यात करू’ असं कंत्राटदार म्हणाला, तर बिलाचा शेवटचा हप्ताही पुढच्या टप्प्यातच ठेवा.