खारपाणपट्ट्यातील भाजीचा मळा

मुलांनो, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. येथील विहिरींना पाणी असते. परंतु ते बहुधा खारट! असे पाणी वारंवार दिल्यास त्यातील सोडियम काळ्या मातीत साठतो, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. म्हणून येथील शहाणा शेतकरी पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवितो. आषाढात तो भेंडी व गवार वरंब्यावर टोकतो. कारण या चिकण मातीत पाणी तुंबले, तर मुळे कुजतात. वांग्याची रोपे मात्र आधी गादीवाफ्यावर वाढवावी लागतात. पाऊस सरला, की तळ्यातील पाणी तो हिशेबाने, सांजवेळी, रोपांच्या मुळाशीच देतो. तळे आटण्याआधी वांगी तोडणीस यावीत, यासाठी त्याची सारी धडपड चालते.