श्रमणाऱ्या जनावरांचे मीठ आणि पाणी

राजापूर बंदरात उतरलेला माल एके काळी बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाट चढून देशावर जात असे. ती वाहतूक मोटारींकडे गेली. शेतीत पॉवर टिलर आले. तरीही डोंगरउतारावरील लहान खाचरांत बैलाचा नांगर अद्याप चालतो. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, शरीर निवत नाही आणि जनावर लवकर थकते. अशा वेळी त्याला केवळ पाणी पुरेसे होते काय?

या प्रश्नाचा विशेष अभ्यास घोड्यांच्या बाबतीत झाला आहे. एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत मजल मारणाऱ्या शर्यतीचा घोडा उष्ण हवेत ताशी १० लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. माणसाचा घाम रक्ताहून कमी खारट असतो. घोड्याचा मात्र रक्ताइतका किंवा त्याहून अधिक खारट असतो. पाण्याबरोबर सोडियम, क्लोराइड व पोटॅशियम हे क्षारही निघून गेल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण फारसे वाढत नाही व तहानेची जाणीव मंदावते. शरीर शुष्क होत असतानाही घोडा पाण्याला तोंड लावत नाही. क्षार दिल्यास तहान पुन्हा जागी होते. मात्र पाणी न पिणाऱ्या घोड्यास तीव्र क्षार दिल्यास शरीरातीलच पाणी आतड्यात ओढले जाते. खाण्याचा सोडाही अशा वेळी वर्ज्य समजावा. क्लोराइड गेल्याने रक्त आधीच अल्कधर्मी झालेले असते.

बैलाची गोष्ट निराळी आहे. तो घामाप्रमाणेच धापेवाटेही उष्णता बाहेर टाकतो. त्याची उणीव मुख्यतः गव्हाणीत असते. भाताच्या पेंढ्यात पोटॅशियम पुष्कळ, पण सोडियम अल्प असते. म्हणून मोठ्या बैलाच्या आंबोणात रोज सुमारे ३० ग्रॅम साधे मीठ व क्षारमिश्रण घालावे. महागड्या पुडीची आवश्यकता नाही. कामापूर्वी व विसाव्याच्या वेळी मुबलक पाणी पाजावे.

मानेवरील कातडीची चिमटी सोडल्यावर ती लवकर सपाट न झाल्यास किंवा हिरड्या कोरड्या दिसल्यास काम तात्काळ थांबवावे. जनावर सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे व पशुवैद्यकास बोलवावे. ग्रामपंचायतींनी पाणवठ्यावर जनावरांसाठी हौद बांधून तो वैशाखातही भरलेला ठेवल्यास अनेक कुटुंबांचे पशुधन वाचेल. मीठ स्वस्त आहे. परंतु पाण्यावाचून ते उपकारक ठरत नाही.