मोशेच्या हरकती : 'निर्गम' ३ व ४ मधील संवादाचे वाचन

बायबलमधील पाचारणकथांत नायकाने आधी नकार देणे हा जवळजवळ ठरलेला भाग आहे. गिदोन आपले कूळ मनश्शे वंशात सर्वांत दुबळे असल्याचे सांगतो, यिर्मया आपण अजून पोर असल्याचे म्हणतो आणि योना तर एक शब्दही न बोलता उलट दिशेच्या जहाजात जाऊन बसतो. यांत मोशेची हुज्जत सर्वांत लांब. 'निर्गम'च्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत तो पाच वेळा हरकत घेतो. भाषेच्या अभ्यासकांनी हा भाग आवर्जून वाचावा असे मला वाटते, कारण मोशेची मुख्य अडचण बोलण्याची आहे आणि तिचे उत्तर एका क्रियापदात दडलेले आहे.

मोशे इब्री गुलामांच्या पोटी जन्मला आणि फारोच्या मुलीने त्याला वाढवले. एका इब्र्याला मारहाण करणाऱ्या मिसरी माणसाला त्याने ठार केले. दुसऱ्या दिवशी दोन इब्र्यांचे भांडण सोडवायला गेला, तेव्हा त्यांतल्या एकाने त्याला विचारले, तुला आमच्यावर अधिकारी आणि न्यायाधीश कोणी नेमले? प्रश्न जिव्हारी लागणारा होता. मोशे मिद्यान देशात पळाला, तिथे संसार थाटला, सासऱ्याची मेंढरे राखू लागला. पुढे होरेब डोंगरापाशी, जळूनही भस्म न होणाऱ्या झुडपातून त्याला हाक येते, तेव्हा त्याची पहिली हरकत 'मी कोण?' अशी आहे. याला नम्रता म्हणण्याची प्रथा आहे. मला त्यात त्या जुन्या प्रश्नाचा पडसाद ऐकू येतो. नेमणारा आता समोर उभा आहे, पण नेमणूक स्वीकारण्याची उमेद मात्र उरलेली नाही.

देवाने येथे मोशेचे गुण मोजून दाखवले असते तर कथा सामान्य झाली असती. राजवाड्यातली वाढ, रानातल्या वाटांची ओळख, कळप सांभाळण्याची सवय हे सारे उपयोगी पडणारच होते, पण त्याचा उल्लेखही होत नाही. उत्तर एवढेच मिळते, की मी तुझ्याबरोबर असेन. यातील 'असेन' या अर्थाचा इब्री शब्द 'एह्ये' आहे. मोशे दुसऱ्यांदा विचारतो, लोकांनी तुझे नाव विचारले तर काय सांगू? तेव्हा जे गूढ नाव सांगितले जाते ते 'एह्ये अशेर एह्ये'. म्हणजे मघाशी आश्वासनात आलेले क्रियापदच आता नाव होऊन येते. इब्रीत हे रूप अपूर्ण क्रियेचे असल्यामुळे त्यात भविष्याचाही अर्थ मावतो. नावाचे भाषांतर वर्तमानकाळात केले, की हा धागा वाचकाच्या हातून सुटतो.

तिसरी हरकत लोक विश्वास ठेवणार नाहीत ही. तिला चिन्हांनी उत्तर मिळते. त्यांतले पहिले चिन्ह मोशेच्या हातातल्याच मेंढपाळाच्या काठीचे आहे, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

चौथी हरकत सर्वांत बोलकी आहे. मोशे म्हणतो, मी शब्दांचा माणूस नव्हे. माझे तोंड जड, माझी जीभ जड. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी याचा अर्थ बारीक आवाजाचा आणि मंद जिभेचा असा घेतला. उलट यहेज्केलाच्या ग्रंथात 'जड जिभेचे' हा प्रयोग परकी भाषा बोलणाऱ्यांसाठी येतो. त्यावरून काही अभ्यासकांना वाटते, की मोशेला एखादी भाषा नीट येत नसावी. घरी एक, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अर्थ चटकन जवळचा वाटतो. तरी मला पहिला अर्थ अधिक ग्राह्य वाटतो, कारण देव उत्तरात मुक्या, बहिऱ्या आणि आंधळ्या माणसांना कोण घडवतो असे विचारतो. तो शरीराविषयी बोलतो आहे. विशेष म्हणजे मोशेची जीभ तो बरी करत नाही. 'मी तुझ्या मुखाबरोबर असेन' असे सांगतो, आणि इथेही शब्द 'एह्ये'च आहे.

सबबी संपल्यावर मोशे सरळ म्हणतो, दुसऱ्या कोणाला पाठव. चार हरकती शांतपणे ऐकणारा देव इथे रागावतो. पण रागातही तो सोय सांगतो : तुझा भाऊ अहरोन चांगला बोलतो आणि तो तुला भेटायला निघालाही आहे.

तयारी इथे संपत नाही. फारोपुढचा पहिला प्रयत्न फसतो, विटा करणाऱ्या गुलामांचे हाल वाढतात आणि मोशे देवालाच विचारतो, मला पाठवलेस तरी कशाला? सहाव्या अध्यायात ओठांची जुनी तक्रार पुन्हा दोनदा येते. तेव्हा त्याचे वय ८० वर्षांचे आहे.

याच माणसाच्या तोंडी पुढे एक अख्खे पुस्तक आहे. त्याचे इब्री नाव 'देवारीम', म्हणजे 'शब्द'. 'मी शब्दांचा माणूस नव्हे' म्हणताना मोशेने वापरलेला शब्दही हाच होता. मराठी बायबलमध्ये त्या पुस्तकाला 'अनुवाद' म्हणतात, पुन्हा सांगणे या जुन्या अर्थाने. मवाब देशात यार्देन नदीच्या अलीकडे मोशे लोकांशी बोलतो आणि अखेरीस आपल्या जागी येणाऱ्या यहोशवाला सर्वांसमोर बोलावून धीर देतो. त्याच एकतिसाव्या अध्यायात यहोशवालाही 'मी तुझ्याबरोबर असेन' असे आश्वासन मिळते. तिथला शब्द पुन्हा 'एह्ये'.